पाच चाकं आणि एक पाळणा

एका गावात एक सुतार राहत होता, नाव सोनबा. लाटांची नक्षी काढण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नसे. त्यासाठी त्याने पाच चाकांचं यंत्र केलं होतं. एका चाकाच्या कडेवर दुसरं, दुसऱ्याच्या कडेवर तिसरं, अशी चाकं बसवलेली. पहिलं एकदा फिरे तोवर दुसरं दोनदा, तिसरं तीनदा, पाचवं पाच वेळा. पाचव्याला कोळसा बांधलेला. तो सरकत्या फळीवर रेघ ओढी.

लेक चंद्रा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. पाळणा आजोळचा, हा रिवाजच. सोनबाला वाटलं, गाव बघत राहील असा काठ पाळण्याला करू. म्हणून त्याने पाचही चाकं हातभर रुंदीची केली. पाचवं तर शिसवीचं, कोरीव.

रेघेला एका जागी सुळका आला, बाकी नुसती थरथर. शहाण्याने इथे थांबावं. सोनबाने सहावं चाक जोडलं. सुळका आणखी वाढला. तरी त्याच रेघेवरून काठ कापून त्याने पाळणा लेकीपुढे ठेवला.

चंद्राने काठावरून हात फिरवला. बोटातून रक्त आलं.

"आबा, इथे माझ्या पोरीचा गाल टेकणार आहे."

सोनबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बायको येसूबाई म्हणाली, "अहो, जे जास्त फिरतं त्याला एवढं मोठं कशाला ठेवलंत?"

"इतकं देखणं चाक तासू?"

"चाक देखणं हवं की काठ?"

सोनबाने सहावं चाक काढलं. पहिलं तसंच ठेवलं. दुसरं पहिल्याच्या निम्मं केलं, तिसरं तिसरा हिस्सा, चौथं चौथा, पाचवं पाचवा. थरथर ओसरली, पण रेघ एका जागी धाडकन कोसळे. मग दुसरं पहिल्याच्या पाव केलं, पाचवं पंचविसावा हिस्सा. कोसळणं थांबलं, तरी रेघेवरून फिरवलेलं बोट तिथे अडे. शेवटी दुसरं आठवा हिस्सा ठेवलं आणि पाचवं ज्वारीच्या दाण्याएवढं. सगळं कोरीवकाम भुश्यात गेलं. सोनबाचे डोळे भरून आले.

पण या वेळी बोट कुठेच अडलं नाही. त्याने नवा काठ कापला.

बारशाला बायकांनी काठावरून हात फिरवले. शेजारणीने विचारलं, "सोनबा, तुमचं ते शिसवीचं चाक कुठं गेलं?"

सोनबाने पाळण्याकडे बोट दाखवलं. काठाला गाल टेकून नात झोपली होती.

तात्पर्य: ज्याचे फेरे जास्त, त्याचं माप झपाट्याने लहान करावं, तरच सगळ्यांची बेरीज ठिकाणावर येते आणि गुळगुळीत होते.