पेढेवाल्यावरचा आळ

एकदा एका घाटमाथ्यावरच्या दवाखान्यात एक वृद्ध डॉक्टर आणि त्यांचा तरुण शिष्य राहत असत. तिथे धुके दुपारपर्यंत उठत नसे. माणसे त्यातून स्वप्नातल्यासारखी येत आणि तशीच जात.

तसाच एक पेढेवाला येई. चाळिशीचा, अंगाने काटकुळा. त्याला मधुमेह होता. वर्षभर गोळ्या वाढत होत्या, तरी साखर वाढतच होती आणि तो झिजत चालला होता. कढईतला पेढा चाखायला शिष्याने त्याला बंदी केली होती. तो सांगे, आता मी पेढ्याची चव नुसत्या वासावर ओळखतो. शिष्य हसून म्हणाला, "मामा, मांजरही दुधाची राखण करतं म्हणे."

पेढेवाला जायला निघाला. उठताना त्याला भिंत धरावी लागली.

वृद्ध डॉक्टरांनी ते पाहिले. औषध न लिहिता त्यांनी शिष्याला सांगितले, उद्या पहाटे ठकूमावशींच्या खुराड्यापाशी जाऊन बस.

ठकूमावशी दवाखान्यात स्वयंपाक करीत. त्यांच्या खुडूक कोंबडीखालची अंडी एकेक करून नाहीशी होत होती. स्वतःचीच अंडी खाते मेली, म्हणत त्यांनी रविवारी तिचा रस्सा करायचे ठरवले होते.

शिष्य धुक्यात बसला. कोंबडी दाणे टिपायला बाहेर पडली. दारातला राखणीचा कुत्रा उठला, एक अंडे अलगद उचलून त्याने खाल्ले आणि मिशीला टरफल तसेच ठेवून पुन्हा इमानाने पहाऱ्याला बसला.

शिष्य परतला तेव्हा वृद्ध म्हणाले, "बाळा, शरीरातही राखणदार असतात. कधी ते घरच्यालाच परका समजतात. इन्सुलिन करणाऱ्या पेशी संपवत जातात, इतक्या हळू की वर्षे लागतात. साखर मोजून आपल्याला तूट कळली. नेणारा कोण, ते कुत्र्याच्या मिशीला लागलेल्या टरफलावरून कळतं. तसं टरफल रक्तातही सापडतं, त्याला प्रतिपिंडं म्हणतात. ती आपण शोधलीच नाहीत. नुसता आळ घेतला."

पेढेवाल्याचे रक्त शहरात तपासायला गेले. प्रतिपिंडे सापडली. इन्सुलिन सुरू झाले, आणि काही आठवड्यांनी तो भिंत न धरता उठू लागला. कोंबडीचा रविवारचा रस्साही टळला.

शिष्य त्याच्या दुकानात गेला. "मामा, माझं चुकलं."

पेढेवाल्याने उलथन्यावरचा गरम खवा नाकाशी धरला, क्षणभर डोळे मिटले. "वेलदोडा कमी पडला," म्हणाला, आणि चिमूटभर शिष्याच्या तळहातावर ठेवला.

शिष्याने चाखले. खरेच, किंचित कमी होता.