वेल्हाळेच्या लेकीचा शब्द

एका राज्यात शब्द घडवले जात. कुंभार मडकी घडवी, सोनार दागिने घडवी आणि दोन जुनी घराणी शब्द घडवीत. मूल जन्मले की बाराव्या दिवशी त्याला आधी एक नवाकोरा शब्द मिळे आणि मग नाव. शब्द त्या मुलाचा, पण बोलायचा साऱ्यांनी. कोणाच्या वाट्याला फुलाचा शब्द येई, कोणाच्या वाट्याला खेळाचा. एका सरदाराला ढेकराचा मिळाला होता, तो बिचारा जन्मभर तोच मिरवीत हिंडला.

शब्द खरा की खोटा हे ठरवायची रीत अशी होती. ज्याने तो कधी ऐकला नाही असा माणूस गाठायचा आणि बोलता बोलता शब्द वापरायचा. अर्थ सांगायचा नाही. ऐकणाऱ्याने “म्हणजे काय?” असे न विचारता उत्तर दिले, तर शब्द जमला. विचारले, तर शब्द मोडीत.

दोन घराण्यांपैकी एक सांधेकारांचे. ते म्हणत, “शब्द म्हणजे जुळणी. मूळ घ्या, मागेपुढे जोड लावा, शब्द तयार.” दुसरे साचेकारांचे. ते म्हणत, “शब्दाला तुकडे नसतातच. जुन्या शब्दांच्या रांगेकडे पाहून नवा त्यांच्यासारखा जन्मतो, लेकरू घराण्यावर जाते तसा.” वेल्हाळा ही सांधेकार सोढळाची लेक आणि साचेकार कान्हदेवाची सून. तिला मुलगी झाली, आणि नातीचा शब्द घडवायला दोन्ही आजोबा एकाच पाटावर बसले. बारा दिवस बसले आणि बारा दिवस भांडले. शब्द कोणत्या रीतीने घडवावा यावरच घोडे अडले!

राजा महीपाल कंटाळला. त्याने निवाड्याला कर्कटक मांत्रिकाला बोलावले. राजाच्या अकलेविषयी सांगणाऱ्याने अधिक काय बोलावे?

कर्कटक दरबारात उभा राहिला आणि म्हणाला, “दोन्ही घराणी ज्याला आपला म्हणतील असा शब्द घडेपर्यंत या राज्यात नवा शब्द टिकणार नाही. आणि ज्याला नाव नाही, ते माझे.”

त्याच दिवशी राज्यावर धुके उतरले. नवी विहीर खोदावी, नाव ठेवण्याआधी धुके तिला गिळी. नवी वाट पाडावी, सकाळी ती नसे. बिनशब्दाची, बिननावाची ती पोर मात्र हळूहळू विरू लागली. अकराव्या महिन्यात तिच्या तळहातातून पाळण्याची दोरी दिसू लागली. वर्ष भरले की ती पुरती धुके होणार, हे सगळ्यांना कळून चुकले. वेल्हाळेने तिला नणंदेच्या मांडीवर ठेवले, पदर खोचला आणि कर्कटकाच्या डोंगराची वाट धरली.

पायथ्याशी एका फांदीवर साळुंकी बसली होती. ती म्हणाली, “जाऊ नकोस, बाई. इथले सारे बिननावाचे आहे. मला लोक साळुंकी म्हणतात, म्हणून मी उरले.”

“माझी लेक विरते आहे,” वेल्हाळा म्हणाली.

“मग चल. तीन शब्द लागतील. एक तुझ्या माहेरच्या रीतीचा, एक सासरच्या रीतीचा, तिसरा दोन्ही घरचा. तिसरा ऐकणारा खुद्द कर्कटक असतो, आणि तो नेहमी म्हणतो, कळले नाही.”

पहिली आडवी आली एक नदी. जवळ जावे तर ती सरकून दगडांआड दडे, पाठ फिरवावी तर पायांत येऊन पाडी. वेल्हाळेने बापाची रीत आठवली. लपणे घेतले, भांडखोरातला खोर घेतला, दोहोंचा सांधा बसवला. तेवढ्यात एक धनगरीण शेरडे घेऊन आली.

“बाई, ही लपखोर नदी ओलांडायची कशी?”

“मागं मागं चालायचं, बया!” धनगरीण हसली. “आपण येतोय का जातोय तेच तिला कळत नाही, मग गप पडून राहती.”

शब्द जमला. नाव मिळताच नदी ओशाळली आणि एका जागी वाहू लागली.

दुसरे आडवे आले रान. तिथली झाडे एकमेकांच्या कानाला लागून अखंड कागाळ्या करीत, आणि तो गलबला ऐकून वाटसरू वाट विसरत. वेल्हाळेने सासऱ्याची रीत आठवली. किलबिलाट, गडगडाट, खणखणाट ही रांग डोळ्यांपुढे उभी केली आणि रांगेच्या शेवटी कोण उभे राहील ते पाहिले. झाडाखाली एक लाकूडतोड्या डोके धरून बसला होता.

“आजोबा, या कुजबुजाटात तुम्हाला झोप कशी लागते?”

“कुठली झोप, पोरी! कापूस कोंबला कानांत, तरी ही झाडं माझ्याच सुनेविषयी बोलतात.”

शब्द जमला. आपल्याला ओळखले म्हणून झाडे गप्प झाली, आणि वाट मोकळी झाली.

शिखरावर कर्कटक बसला होता. भोवती गिळलेल्या विहिरी आणि वाटा धूसर तरंगत होत्या. “तिसरा शब्द सांग,” तो म्हणाला.

वेल्हाळेने एक शब्द सांगितला. “कळले नाही.” दुसरा सांगितला. “कळले नाही.” सात सांगितले, आणि सातही वेळा तो जांभई देऊन तेच म्हणाला. वेल्हाळेने खाली पाहिले. सारे राज्य धुक्यात बुडाले होते, आणि त्यात कुठेतरी तिचा पाळणा होता. तिला रडू फुटले. मग तिने डोळे पुसले आणि परतायला वळली.

जाता जाता ती साळुंकीला म्हणाली, “चल, बाई. ऐन धुकाळ्यात जन्मली माझी पोर, तिचे नशीबच तसले.”

कर्कटक खदखदून हसला. “नशीब कसले! धुकाळा काही चार महिन्यांत सरायचा नाही, बाई. मी आहे तोवर राहील!”

वेल्हाळा थबकली. “चार महिने? तो ऋतू आहे हे तुला कोणी सांगितले?”

“न विचारता कळले!” साळुंकी ओरडली. “शब्द जमला! आणि ऋतू म्हटला की तो सरतो!”

कर्कटकाचा चेहरा उतरला, पण तो म्हणाला, “तुझी दोन घराणी उरली आहेत अजून. ती कशी भांडतात ते पाहायला मी स्वतः येतो.”

दरबार भरला. वेल्हाळेने तो एकच शब्द उच्चारला.

सोढळ ताडकन उठला. “धुके घेतले, त्याला आळा जोडला. सांधा बघा किती साफ बसलाय! हा शब्द आमचा!”

कान्हदेव त्याहून ताडकन उठला. “उन्हाळा, पावसाळा, हिवाळा! तीन भावंडांच्या पाठीवर चौथे झाले. तोंडावळा बघा! हा शब्द आमचा!”

“आमचा!”

“अहो, आमचा!”

“पाहिलेत?” कर्कटक टाळी वाजवत म्हणाला. “अजून भांडतातच!”

“भांडू देत,” राजा महीपाल म्हणाला, आणि आयुष्यात प्रथमच शहाण्यासारखे बोलला. “दोघेही आपलाच म्हणतात. तुझी अट एवढीच होती.”

त्या क्षणी धुकाळा सरला. आधी कळसांवर ऊन आले, मग छपरांवर, मग अंगणांत. गिळलेल्या विहिरी आपापल्या जागी येऊन बसल्या आणि हरवलेल्या वाटा गावांना मिळाल्या. कर्कटक ऋतूचा धनी होता, तो ऋतूबरोबर विरळ होत गेला आणि दिसेनासा झाला. लोकांनी असा जल्लोष केला की दोघा व्याह्यांना स्वतःचे भांडण ऐकू येईना.

नणंद धावत पोर घेऊन आली. वेल्हाळेने तिचा तळहात उन्हात धरला. त्यातून काहीही दिसले नाही, आणि खाली दगडी फरशीवर त्याची सावली पडली. वेल्हाळा तो हात गालाला लावून पोटभर रडली. पोरीला शब्द मिळाला धुकाळा, नाव मिळाले उजागरी, आणि तिने पहिले काम हे केले की एका हाताने एका आजोबांची मिशी धरली आणि दुसऱ्या हाताने दुसऱ्यांची.

त्या राज्यावर तसले धुके पुन्हा कधी उतरले नाही. पण तिथल्या लेकरापुढे धुकाळा म्हणा, ते “म्हणजे काय?” असे विचारत नाही. ते आईचा पदर घट्ट धरते.