अकरा मोरांची घागर

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या नगराचं नावही आता कुणाला आठवत नाही. तिथल्या कुंभारआळीत एक कुंभार राहत होता. दुसऱ्याच्या हातची घागर हुबेहूब घडवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

कुणाची घागर फुटली, की लोक खापर घेऊन त्याच्याकडे येत. "वरच्या आळीतल्या म्हाताऱ्या कुंभाराच्या हातची होती. अगदी तश्शी हवी." की झालीच तश्शी! लांब मानेची, बसक्या पोटाची, काळ्या रेघांची. ज्याची म्हणाल त्याची. लोक वाहवा करत आणि कुंभार मनोमन सुखावे. "तुझी स्वतःची घागर कशी असते रे?" असं त्याला कधी कुणी विचारलं नाही, आणि त्यालाही ते कधी सुचलं नाही.

एका वर्षी तळ्याची चिकणमाती सरत आली. राजाने दवंडी पिटवली, "ज्या कुंभाराच्या हाताला स्वतःची ओळख आहे, त्यालाच यापुढे माती मिळेल. पौर्णिमेला प्रत्येकाने आपली अशी एक घागर दरबारात आणावी."

कुंभाराचं धाबं दणाणलं. माती नाही म्हणजे चाक बंद, आणि चाकाशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं. तो लगेच कामाला बसला. घागर उतरली, ती शेजाऱ्याची. मोडली. दुसरी उतरली, ती वरच्या आळीची. तीही मोडली. आठ दिवस हेच चाललं. "मी आहे तरी कोण?" म्हणत तो रडकुंडीला आला.

शेवटी त्याने एक युक्ती काढली. लाकडात मोर कोरून ठसा केला आणि ओल्या घागरीवर दाबत सुटला. एक मोर पुरेना, म्हणून अकरा मोर! ओळख दाखवायला निघालं, की माणसाला कुठे थांबावं ते कळत नाही. घागर घाईघाईत भाजून तो पौर्णिमेला दरबारात गेला.

"देखणी आहे," राजा म्हणाला. "पाणी भरा."

पाणी ओतलं मात्र, एकेका मोराच्या पोटातून थेंब ठिबकू लागले. ठसे दाबून दाबून घागरीची भिंत पातळ पडली होती. सारा दरबार खो खो हसला.

"ही तुझी ओळख?"

कुंभाराने मान खाली घातली. "नाही महाराज. मी फक्त दुसऱ्यांच्या घागरी करतो. माझं असं काहीच नाही."

"मग तुला माती मिळणार नाही."

तेवढ्यात राजवाड्यात पाणी भरणारी म्हातारी पुढे आली. "जरा थांबा, महाराज. राजवाड्यात पंचवीस घागरी आहेत. माझे डोळे बांधा. त्यातल्या ह्याच्या कुठल्या, ते मी सांगते."

"न बघता ओळखशील कशी?"

"बघितल्या तर फसेनच की!"

घागरी मांडल्या, तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. म्हातारीने एकेका घागरीच्या गळ्यात चार बोटं घातली, घागर जराशी उचलली, खाली ठेवली. पंचवीसांतून तिने सात बाजूला काढल्या. दिसायला सात कुंभारांच्या, पण सातही त्यानेच घडवलेल्या होत्या.

"बाकीचे घागरीचा गळा बाहेरून गुळगुळीत करतात, बघणाऱ्यासाठी," म्हातारी म्हणाली. "पण आत बोटं घालून उचलते मी. आतली कड रोज बोटांना बोचते. हा एकटाच आतूनही बोट फिरवतो. चाळीस वर्षं पाणी भरतेय, महाराज. ह्याची घागर हाताला आली, की बरं वाटतं बघा."

कुंभार गोंधळला. "पण आजी, ते तर मी असंच करतो. उचलणाऱ्याला बोचू नये म्हणून. त्यात काय एवढं?"

"अरे बाबा, तेच तर तुझं!"

कुंभाराला भरून आलं. त्याने जवळच्या घागरीच्या गळ्यात बोट घालून आतली कड चाचपून पाहिली.

राजाने त्याला माती दिली. त्या दिवसापासून त्याने समोर दुसऱ्याचं खापर ठेवणं सोडून दिलं. आधी तो उचलणाऱ्या हाताचा विचार करी. मग त्या हाताच्या सोयीने गळा, पोट, बूड सारं ठरत जाई. पहिल्या काही घागरी ओबडधोबडच झाल्या, पण त्या दुसऱ्या कुणासारख्या नव्हत्या. पुढे तर पाणवठ्यावरच्या बायका बोलता बोलता, न बघताच त्याची घागर उचलू लागल्या.

तात्पर्य: कुणी बघत नसताना माणूस दुसऱ्याची जी काळजी घेतो, तीच त्याची खरी ओळख.