गोटूचे हुंदके

“मग मी गप्प बसावं, असं म्हणणं आहे का तुमचं, ताई?”

हेमांगी रेगेने चहा न पिताच कप दूर सारला.

मनूताई नेनेंनी तो पुन्हा तिच्यापुढे सरकवला. नभोवाणीवर बालनाट्ये बसवण्यात त्यांची उभी हयात गेली होती. शब्द कसा टाकावा, हे हेमांगीला त्यांनीच शिकवले होते.

“गोटू हत्तीचं कार्टून चार भाषांत लागतं. हिंदी गोटूला आवाज देणारीचं नाव पडद्यावर. तमिळ गोटूचं नाव पडद्यावर. बंगाली गोटूला तर परवा समारंभात शाल घातली. मराठी गोटू कोण? कोणी नाही. आमची पाटी कोरी.”

“त्यांना विचारलंस?”

“विचारलं. वाहिनीचे साहेब म्हणाले, मुलं कुठे नावं वाचतात.”

हेमांगीच्या अंगाचा तिळपापड झाला होता. उद्या कार्यालयात जाऊन ती ठणकावून सांगणार होती: नाव नाही, तर आवाजही नाही. ताईंचा आशीर्वाद तेवढा हवा होता.

“काम तरी ऐकव.”

हेमांगीने मोबाइल पुढे केला. “हाच भाग ऐका. गोटू कळपातून चुकतो. पोरं ढसाढसा रडतात. ओळखीच्या आया मला दुकानात थांबवून सांगतात, तुमच्या रडण्यानं आमच्या पोराला घास गिळवेना.”

मनूताईंनी पडद्याकडे पाठ केली आणि डोळे मिटले.

गोटू बोलला. आईला हाका मारू लागला. ताईंची मान समाधानाने हलली. मग तो रडू लागला...

ताईंनी बोट वर केले.

हेमांगीने चित्र थांबवले.

“हे कोण?”

“कोण म्हणजे? गोटू.”

“हेमे, तुझा श्वास मी ओळखते. रडतंय कोण?”

“...रडणं, हसणं, धाप लागणं मूळ कोरियन कार्टूनमधलंच ठेवतात, ताई. आम्ही शब्द तेवढे बोलतो. सगळ्याच भाषांत तसं असतं.”

“म्हणजे चारही भाषांत एकच बाई रडते.”

“हो.”

“आणि दुकानातलं कौतुक?”

हेमांगीने पदर सारखा केला.

“नाव काय तिचं?”

“माहीत नाही.”

“पडद्यावर असेल.”

“नाही. आपल्याकडे कुठल्याच भाषेत नाही.”

“तू विचारलंस कधी?”

रस्त्यावरून एक रिकामा टेम्पो खडखडत गेला.  हेमांगी उठली आणि तिने वाकून नमस्कार केला.

“चुकलं माझं. उद्याचं जाणं रद्द करते.”

“रद्द?” मनूताईंचा आवाज चढला, तालमीत चढायचा तसा. “जायचं. कडाडून भांडायचं.”

“पण ताई...”

“दोन नावांसाठी.”