सत्तावन्न वह्यांतली एक ओळ

एका तालुक्याच्या गावी, एकदा, तर्कशास्त्र शिकवणारा एक तरुण प्राध्यापक आपल्याच वर्गावर फार प्रसन्न झाला. प्राध्यापकाने वर्गावर प्रसन्न होणे ही तशी दुर्मीळच घटना; बहुतेकांचा जन्म ‘या मुलांना काही येत नाही’ असे म्हणण्यात जातो. तेव्हा श्रीरंग मोहोळकर नावाच्या या तरुणाचे कौतुकच करायला हवे. पण त्याच्या प्रसन्नतेत एक गफलत होती, आणि आज सांगायची आहे ती त्या गफलतीचीच गोष्ट.

श्रीरंग प्रथम वर्षाच्या मुलांना तर्कशास्त्राची तोंडओळख करून देत असे. विधान कशाला म्हणावे, अनुमान कसे करावे, ‘म्हणून’ हा शब्द कधी वापरावा आणि कधी जीभ आवरावी, हे सगळे तो अगदी मनापासून शिकवी. तास संपत आला की हातावरचा खडू झटकत तो विचारी, “काही शंका?” अठ्ठावन्न मुले गप्प. मग तो “छान” म्हणे, हजेरीपट उचले आणि चालू लागे. सबंध टर्म अशी गेली. कुणालाच कधी शंका आली नाही, त्या अर्थी सर्वांना सर्व कळले, असा त्याचा निष्कर्ष. खुद्द तर्कशास्त्राच्या प्राध्यापकाने काढलेला निष्कर्ष, त्यावर आपण काय बोलणार!

टर्मच्या शेवटी वह्या जमा झाल्या. सत्तावन्न वह्या दृष्ट लागावी इतक्या नेटक्या होत्या, मथळे लाल शाईत, व्याख्यांना चौकटी. अठ्ठावन्नावी वही मात्र प्रणाली गवारे या मुलीची होती, आणि तिच्यात पानोपानी नुसत्या तारखा होत्या. तारखेखाली एक अक्षर नाही. ही मुलगी वसतिगृहात राहणारी, तिसऱ्या बाकावर खाली मान घालून बसणारी, सबंध टर्ममध्ये एकदाही तोंड न उघडलेली. वहीच कोरी म्हटल्यावर डोकेही कोरेच, असे श्रीरंगने मनाशी ठरवून टाकले.

कॉलेजचा नियम असा, की ज्याची वही अपूर्ण त्याची टर्म नामंजूर. तशा विद्यार्थ्यांची यादी शिक्षकाने शनिवारी दुपारी बारापर्यंत कार्यालयात द्यायची. श्रीरंगने यादीत एकच नाव लिहिले. त्या एका नावाचा अर्थ काय, हे त्यालाही ठाऊक होते. टर्म गेली की वसतिगृहातली खोली जाते, आणि सत्तर किलोमीटरवरच्या गावाहून रोज येणे प्रणालीला जमणारे नव्हते. म्हणजे तिचे शिक्षण इथेच संपणार होते. त्याला वाईट वाटले; पण नियम म्हणजे नियम, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

शुक्रवारी संध्याकाळी तो आपल्या गुरूंकडे गेला. पाटणकर सर पूर्वी याच कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत आणि आता निवृत्त होऊन गावातच राहत होते. श्रीरंगने स्कूटरवरून दोन पिशव्या भरून सगळ्या वह्या आणल्या होत्या. गुरूंना वर्ग दाखवता येत नाही तर निदान वर्गाच्या वह्या तरी दाखवाव्यात, एवढाच त्याचा हेतू. सर विळीवर लिंबे चिरत बसले होते. लोणचे ते स्वतः घालत आणि त्यात दुसऱ्या कुणाची लुडबुड खपवून घेत नसत. श्रीरंगने वर्गाची भरपूर स्तुती केली आणि जाता जाता त्या एका कोऱ्या वहीची नि यादीची हकिगतही सांगितली.

सरांनी हात पुसले, चष्मा लावला आणि एक वही उघडली. मग दुसरी. मग तिसरी. चौथ्या वहीपाशी ते इतके हसू लागले की त्यांना ठसका लागला. श्रीरंगने पाणी आणून दिले. सरांनी चारही वह्या ओळीने पसरून एका जागी बोट ठेवले. ‘घाईचा निष्कर्ष’ या धड्याच्या मधोमध, प्रत्येक वहीत, कंसात एकच मजकूर होता: ‘इथे सर फळा पुसत बोलले, ऐकू आले नाही. विचारायचे.’

श्रीरंगने घाईघाईने उरलेल्या वह्या चाळल्या. सगळ्यांत तीच ओळ. काही हौशी मंडळींनी तर ‘विचारायचे’ या शब्दाखाली लाल रेघसुद्धा ओढली होती. म्हणजे कुणा एकाने तास ऐकून टिपणे घेतली होती आणि बाकीच्यांनी ती मान खाली घालून उतरवून काढली होती. उतरवता उतरवता ‘मला ऐकू आले नाही’ हेही उतरवले होते. विचारायचे असे सत्तावन्न जणांनी लिहिले, आणि विचारले कुणीच नाही. यावर कडी म्हणजे त्याच पानाखाली सगळीकडे श्रीरंगची सही होती आणि सहीशेजारी शेरा होता, ‘उत्तम’.

बिचाऱ्याचा चेहरा पडला. आधी त्याला लाज वाटली, आणि लाज वाटली की माणसाला ताबडतोब राग येतो, तसा तो आला. त्याने खिशातून यादी काढली आणि तिथेच बसून सत्तावन्न नावे लिहू लागला. हे सगळे लबाड आहेत, म्हणाला. आणि ती गवारे तर नक्कल करायचाही कंटाळा करणारी, तेव्हा तिचे नाव आहे तिथेच राहू दे.

सरांनी त्याच्या हातातले पेन काढून घेतले.

“श्रीरंग, तासाभरापूर्वी तुझे सत्तावन्न विद्यार्थी हुशार होते. आता ते लबाड झाले. मधल्या वेळात तू त्यांच्यातल्या एकाशी तरी बोललास का?”

मग सरांनी त्याला जे करायला सांगितले ते त्याला अगदीच विचित्र वाटले. उद्या वर्गात खडू न्यायचा नाही. वहीतली ती ओळ मोठ्याने वाचायची, ‘विचारा’ म्हणायचे आणि खुर्चीवर बसायचे. कुणीतरी बोलेपर्यंत उठायचे नाही आणि आपण बोलायचेही नाही. “आणि मी येऊन मागे बसतो,” सर म्हणाले, “तू मध्येच बोललास तर खोकेन.”

शनिवारी दहाच्या तासाला श्रीरंगने ती ओळ वाचली. वर्गात खसखस पिकली आणि लगेच विरली, कारण ओळ आपल्याही वहीत आहे हे प्रत्येकाला आठवले. “हे तुम्ही सगळ्यांनी लिहिलं आहे,” तो म्हणाला. “तर आता विचारा.” आणि तो खुर्चीवर बसला.

एक मिनिट गेले. शिक्षकाला एका मिनिटाची शांतता केवढी लांब वाटते, हे ज्याने शिकवले आहे त्यालाच माहीत. पुढच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, सर, तुम्हीच सांगून टाका ना, आम्ही लिहून घेतो. श्रीरंगने तोंड उघडले; मागून सर खोकले; त्याने तोंड मिटले. मुले वह्यांची पाने उलटू लागली. काहींना हसू येत होते, काहींना घाम. दुसरे मिनिट गेले, तिसरेही गेले. श्रीरंगला वाटले, आता उठावे आणि बारा वाजायच्या आत अठ्ठावन्न नावे लिहून यादी देऊन मोकळे व्हावे.

तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून प्रणाली गवारे उभी राहिली.

“सर, त्या दिवशी तुम्ही म्हणालात, थोडं बघून सगळ्यांबद्दल बोलू नये. मग ‘पण’ म्हणालात आणि फळ्याकडे वळलात. त्या ‘पण’च्या पुढचं मला ऐकू आलं नाही.” ती थांबली. श्रीरंग गप्पच आहे असे पाहून तिला धीर आला असावा. “तेव्हापासून मी विचार करतेय. हॉस्टेलमध्ये रक्त तपासायला आले होते. बोटातून एक थेंब घेतला आणि म्हणाले, तुझं हिमोग्लोबिन कमी आहे. एका थेंबावरून सगळ्या अंगातल्या रक्ताचं सांगितलं. मग तो घाईचा निष्कर्ष नाही का? आणि नसेल, तर का नाही?”

श्रीरंगने खूप आठवून पाहिले, पण त्या ‘पण’च्या पुढे आपण काय बोललो होतो ते त्याला आठवेना. आयुष्यात पहिल्यांदाच तो वर्गासमोर म्हणाला, “मला आठवत नाही. आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर मलाही जरा विचार करून द्यावं लागेल.”

शिक्षकालाच येत नाही म्हटल्यावर मुलांना काय हुरूप येतो म्हणता! शेवटच्या बाकावरचा तौफिक बागवान, ज्याने आजवर हजेरीखेरीज दुसरे काही उच्चारले नव्हते, उभा राहिला. त्याच्या वडिलांचे बाजारात फळांचे दुकान आहे. तो म्हणाला, “सर, रक्त आत फिरत असतं, ते सगळं मिसळलेलं. आंब्याची पेटी तशी नसते. वरचा थर आम्हीच लावतो.” वर्ग खो खो हसला. तौफिकही हसला आणि म्हणाला, “म्हणून अब्बांची जुनी गिऱ्हाइकं वरचा आंबा बघतच नाहीत. हात खाली घालून मधला काढतात.”

मग काय विचारता. मिसळलेले आहे हे आधी कळणार कसे, असे एकीने विचारले. दुसऱ्याने विचारले, मधला आंबाही नेमका चांगला निघाला तर? कुणी निवडणुकीचे अंदाज काढले, कुणी मेसच्या जेवणाचे. पाऊण तास श्रीरंग फक्त कोण बोलणार ते हाताने दाखवत राहिला. घंटा झाली तरी कुणी उठले नाही. त्याला इतका आनंद झाला होता की तो लपवणेही त्याला जमेना.

शेवटी त्याने प्रणालीला विचारले. रागाने नाही, खरेच जाणून घ्यायचे म्हणून विचारले, की तुझी वही कोरी का? प्रणालीने वर्गाकडे पाहिले. अर्ध्या वर्गाने बाकाखाली काहीतरी शोधायला सुरुवात केली. ती काहीच बोलेना, तेव्हा तौफिक पुन्हा उभा राहिला. या वेळी त्याला हसू येत नव्हते. तो म्हणाला, वही तिचीच, आम्ही सगळ्यांनी उतरवली. फिरत फिरत शेवटी माझ्याकडे आली आणि दुकानात राहिली. वह्या जमा करायच्या दिवशी तिला मिळालीच नाही, म्हणून तिने नव्या वहीत तारखा तेवढ्या घातल्या. आमची नावं पुढे येऊ नयेत म्हणून तिने कुणाला सांगितलं नाही. एवढे बोलून तो परवानगी न मागताच धावत गेला आणि दहा मिनिटांत वही घेऊन आला. वहीला पिकल्या पपईचा वास येत होता.

श्रीरंगने ती पहिल्या पानापासून वाचली. या वेळी खरोखर वाचली. मग प्रणालीला विचारले, “ऐकू आलं नव्हतं, तर तेव्हाच का नाही विचारलंस?”

“विचारणार होते, सर,” ती म्हणाली. “पण तुम्ही ‘छान’ म्हणून निघून जाता.”

बाराला दहा मिनिटे कमी असताना श्रीरंगने कार्यालयात यादी दिली, आणि तीत एकही नाव नव्हते. बाकीच्या सत्तावन्न जणांना त्याने सोडले असे मात्र नाही. प्रत्येकाने सोमवारी स्वतःचा एक प्रश्न लिहून आणायचा, आणि दोघांचा प्रश्न सारखा आला तर दोघांनीही दुसरा आणायचा, असे त्याने बजावले. मुले मोठ्याने कुरकुरली, पण त्या कुरकुरीत नाराजी फारशी नव्हती.

गुरू आणि शिष्य कॉलेजच्या फाटकाबाहेर पडले. श्रीरंगच्या मनातून अजून काल संध्याकाळ जात नव्हती. तो म्हणाला, “सर, ती मूळ वही प्रणालीची, हे तुम्ही कालच ओळखलं होतं ना?”

“छे रे,” सर म्हणाले. “मला वाटलं, पोरगी आळशी आहे. नक्कल करायचाही कंटाळा केला असेल.”

श्रीरंग रस्त्यातच थांबला. “म्हणजे माझ्यासारखंच? मग माझ्या हातातलं पेन का काढून घेतलंत?”

“अरे, निष्कर्ष काढायला कुणाला शिकवावं लागत नाही. तो आपला आपण निघतो, तुझाही निघतो आणि या वयात माझाही निघतो. शिकवावं लागतं ते थांबायला. आपण गप्प बसलो, की ज्याला खरं ठाऊक असतं त्याला बोलायला जागा होते. काल मला ती आळशी आहे असं अगदी पक्कं वाटत होतं. पण नुसतं वाटत होतं, श्रीरंग. माहीत नव्हतं.”

सरांचे वय लक्षात घेऊन श्रीरंग त्यांच्या चालीने हळूहळू चालू लागला. सत्तर किलोमीटरवरच्या एका घरात त्या संध्याकाळी नेहमीसारखीच चूल पेटली असेल, आणि आपल्या मुलीचे शिक्षण सुटता सुटता राहिले हे तिथे कुणाला कळलेही नसेल. आपल्यालाही दिवसातून दहा माणसांविषयी काहीबाही पक्के वाटत असते. त्यांतल्या एकाला तरी आज विचारून बघावे.