दार नाही, तरी टकटक

“आज तरी आत बोलवा त्याला!” सुताराची बायको चुलीपुढून ओरडली.

“हळू बोल. ऐकेल तो.”

“ऐकू दे की! ऐकायलाच तर उभा आहे. तुमच्यासारखा कान असून बहिरा नाही तो.”

टक, टक, टक.

हातातली पटाशी खालीसुद्धा न ठेवता सुतार म्हणाला, “उद्या, प्रभू, उद्या.” टकटक थांबली.

एका ख्रिस्ती गावात हे जोडपं राहत होतं, आणि त्यांचं हे भांडण रोज दिवेलागणीला दिव्याच्या आधी पेटायचं. गावातली सगळी दारं या सुताराच्या हातची. त्याच्या स्वतःच्या घराला मात्र दार नव्हतं. नुसती चौकट, आणि तिला लटकवलेलं गोणपाट. आता तुम्हीच सांगा, गोणपाटावर कधी टकटक वाजते का? तिथे वाजायची. सागाच्या जाड फळीवर बोटाचं पेर वाजावं तशी. गोणपाट हलायचं नाही. अंगणात माणूस नसायचा, सावली नसायची. फक्त गल्लीतली कुत्री येऊन बसायची, त्या रिकाम्या जागेकडे मान वर करून बघत राहायची, आणि एकही भुंकायचं नाही.

तो कोण, हे दोघांनाही ठाऊक होतं. दाराशी उभा राहून ठोकणारा आणि कोणी उघडल्यावाचून आत न येणारा, असा एकच.

“अगं, तो स्वतः सुतार,” नवरा म्हणायचा. “सुताराच्या घरी सुतार येणार आणि घराला दार नाही? काय तोंड दाखवू? आधी दार होऊ दे. मग भावाशी धरलेला अबोला सोडतो, प्रार्थनेला बसतो, सगळं करतो.”

“जो गोठ्यात जन्मला, तो तुमच्या बिजागऱ्या तपासायला येतोय होय?”

पण दार काही पुरं होईना. दारावर द्राक्षवेल कोरून झाली की त्याला फळीत गाठ दिसायची. मोडा, पुन्हा करा. लोक म्हणत, किती नम्र माणूस! डोंबलाचा नम्र. आधी लायक होतो आणि मग देवाला बोलावतो, असं म्हणणारा माणूस देवावाचूनच लायक व्हायला निघालेला असतो. याला गर्व म्हणतात, बाळांनो, आणि तो फार गरीब चेहऱ्याने फिरतो.

होता होता सुताराच्या जिभेला एक चमत्कारिक खोड जडली. बायकोने विचारावं, “भाकरी वाढू?” आणि ‘वाढ’ म्हणायला गेला की तोंडातून निघायचं, “उद्या.”

“बरं, उद्या जेवा,” म्हणून ती ताट उचलायची. हसण्यावारी गेलं ते.

त्याच गावात लाकडाची वखार असलेला एक म्हातारा होता. दिसेल त्या लाकडाला तो कान लावत फिरायचा. बैलगाडीला, झाडाला, चर्चच्या बाकांना. पोरं त्याला वेडा म्हणत. एका संध्याकाळी तो सुताराच्या अंगणात आला आणि अर्धवट दाराला कान लावून उभा राहिला.

“तुझ्याकडे अजून येते?” त्याने विचारलं.

“काय?”

“टकटक.”

“येते की. रोज येते.”

“पहिल्यासारखीच?”

सुताराचा हात थबकला. हे त्याने कधी मनावरच घेतलं नव्हतं. पूर्वी त्या आवाजाने फडताळातली भांडी थरथरायची. अलीकडे रंधा थांबवल्याशिवाय तो ऐकूच यायचा नाही.

“माझीही आधी अशीच बारीक झाली,” म्हातारा म्हणाला. “मी म्हटलं, बरं झालं, पीडा कमी झाली.” मग तो आंब्याला कान लावत, चिंचेला कान लावत निघून गेला.

सूर्य टेकला. टकटक आली. जुन्या लाकडात किडा कुरतडावा, इतकीच.

सुताराने पटाशी फेकली. गोणपाट ओढून फाडलं. अंगण रिकामं. कुत्री बसलेली. आणि बघता बघता सगळ्या कुत्र्यांच्या माना एकदमच, सावकाश, रस्त्याकडे वळू लागल्या. कोणीतरी पाठ फिरवून चालू लागावं, तशा.

त्याने छातीत होता नव्हता तेवढा श्वास गोळा केला. ‘ये प्रभू’ म्हणायला तोंड उघडलं.

“उद्या,” तोंड म्हणालं.

“अजून उद्याच?” बायको उलथनं घेऊन धावत आली. “मेल्यावर बोलावणार का?”

“उद्या,” तो म्हणाला. “उद्या. उद्या.” आणि स्वतःच्याच तोंडावर फाडफाड मारून घेऊ लागला. डोळ्यांतून धारा लागलेल्या.

बायकोच्या हातातलं उलथनं खाली आलं. कुत्र्यांच्या माना आता पार फाटकाकडे वळल्या होत्या.

तात्पर्य मी इथेच सांगून टाकते, मागे ठेवत नाही: देवाला रोज उद्या म्हणणाऱ्याला एक दिवस आज म्हणावंसं वाटतं, तेव्हा जीभ त्याची राहिलेली नसते, म्हणून आहात तसे, आहे त्या घरात, आत्ताच त्याला हाक मारा.

आणि हे त्या बाईला कोणी शिकवायची गरज पडली नाही. नवऱ्याचा हात घट्ट धरून ती चौकटीत त्याच्या शेजारी उभी राहिली आणि रिकाम्या रस्त्याला मोठ्याने म्हणाली, “प्रभू, ह्यांच्या तोंडाकडे बघू नकोस, डोळ्यांकडे बघ, आणि आत ये.”