पिंगीचं नाक

फार मागे एका करंजाच्या ढोलीत मधमाश्यांचं पोळं होतं. दारावर पिंगी राखण करी. आपल्या नाकाचा तिला कोण तोरा! वास घरचा आला की माशी आत.

बाकीच्या माश्या भरल्या पोटानं येत नि हलक्या होऊन उडत. एक मात्र "राम राम, ताई" म्हणत रिकामी येई आणि जड होऊन निघे. पिंगीला ते दिसे. पण आपलं नाक कसं चुकेल?

पोळं कोरडं पडलं, पिल्लं उपाशी राहिली. तेव्हा पिंगीला राणीपुढं सगळं सांगावं लागलं.

"मग अडवलं का नाहीस?"

"तिच्या अंगाला आपल्याच घराचा वास होता."

"असणारच. आपलाच मध पिऊन जात होती ना!"

पिंगी मान खाली घालून दारावर परतली. तेवढ्यात रानातून आलेली बहीण सवयीनं वास द्यायला थांबली. पिंगीला वर बघवेना.

"जा गं," ती पुटपुटली, "तुझं भरलेलं पोट दिसतंय मला."